दंडाचा टेप

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, लिव्हर सिरॉसिस आहे. आमचं गाव भूम तालुक्यात. आजाराचं नाव कळलं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "त्या कुठं पीत होत्या?" आत्यांनी दारूला कधी हात लावलेला नाही. जुनी साखर, लिव्हरवर चढलेली चरबी, आणि त्यातून हे.

पोटात पाणी झालं, पाय सुजले. बार्शीला नेलं, पाणी कमी व्हायच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर चुलतसासऱ्यांनी काविळीचं पथ्य लावलं. डाळ जड, दूध जड, अंडं तर नावच नको. मुगाचं पाणी आणि मऊ भात. माझं तेव्हा घरात काही चालत नव्हतं.

काट्यावर वजन वाढत होतं, म्हणून सगळे खूश. पण ते पोटातलं पाणी होतं. परकराची नाडी पुरत नव्हती आणि ब्लाउजच्या बाह्या मात्र लोंबायच्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जमिनीवरून उठायला माणूस लागायचं.

मग एका रात्री त्या भलतंच बोलायला लागल्या. मला नणंदेच्या नावानं हाका मारत होत्या, घरातलं न्हाणीघर सापडेना. पोटही साफ नव्हतं. सकाळी सोलापूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी कानशिलं पाहिली, दंड दाबून पाहिला. "आजी, माझी बोटं घट्ट धरा," म्हणाले. मग विचारलं, "रात्री किती वाजता जेवता? सकाळी पोटात काय जातं, किती वाजता?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सातला जेवण आणि सकाळी दहाला भात, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

असं लिव्हर साखरेचा साठा धरून ठेवत नाही, असं ते म्हणाले. निरोगी माणसाचं शरीर दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर ज्या अवस्थेला येतं, तिथं हे रुग्ण एका रात्रीत पोचतात. मग शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. लिव्हर थकलं की रक्तातला अमोनिया आवरायचं बरंच काम स्नायू करतात. स्नायू गेले की तो डोक्यात चढतो, आणि माणूस असं भलतंच बोलायला लागतो.

रिपोर्टवर 'चाइल्ड-प्यू सी' लिहिलं होतं. मी विचारलं, म्हणून त्यांनी समजावलं. चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ साली आजार मोजायला पाच गोष्टी धरल्या होत्या, त्यात रुग्णाचं पोषण होतं. १९७३ मध्ये प्यू यांनी ते काढून तिथं रक्त गोठायचा वेळ घातला, कारण पोषण नुसत्या नजरेनं ठरायचं. "त्यामुळं या आकड्यात आजींचे दंड कुठंच दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. स्नायू झिजलेल्यांना जंतुसंसर्ग जास्त होतो, ते वारंवार भरती होतात, आणि लवकर जातात. हे त्यांनी आत्यांना बाहेर बसवून सांगितलं.

डाळ बंद करायची पद्धत पूर्वी डॉक्टरांचीही होती म्हणे. आता उलट आहे. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. पाणी वजा जाता आत्यांचं वजन ५० धरलं, म्हणजे दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७. जुळवताना नाकी नऊ यायचे. पोटात पाणी असल्यानं दोन घासांत पोट भरायचं, म्हणून दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. रात्री झोपताना एक भाकरी दुधात कुस्करून. रोज. साखरेचं औषध डॉक्टरांनी त्याप्रमाणे बदलून दिलं. दिवसात दोन-तीनदा पोट साफ होईल इतकं लॅक्टुलोजचं औषध चालूच होतं.

मीठ दिवसाला लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, सगळं मिळून. लोणचं-पापड गेलं. पण अगदी अळणी केलं की ताट तसंच परत यायचं. मला राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची. लिंबू, भाजलेलं जिरं आणि घरचा बिनमिठाचा काळा मसाला कामी आला.

खरी अडचण नवरात्राची. तुळजाभवानीचे नऊ दिवसांचे उपास आत्यांनी लग्नापासून मोडलेले नव्हते. डॉक्टरांचं ऐकेनात. शेवटी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "घट तुम्ही बसवा, उपास सून धरंल." ते पटलं. मला मात्र नऊ दिवस त्यांच्यासमोर भगर खावी लागली आणि त्यांना अंडं उकडून द्यावं लागलं.

पाणी उतरलं तसं वजन घटलं आणि घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली. तेव्हापासून मी शिंप्याचा टेप ठेवलाय. महिन्याला दंड मोजते, एकाच जागी. वाढला अगदी थोडा, पण आत्या आता आधाराशिवाय उठतात. लिव्हर काही बरं झालेलं नाही. नवीन लिव्हर बसवायचा विषय निघाला की त्या उठून आत जातात.

सोनोग्राफी किंवा दुर्बिणीची तपासणी असली की उपाशी यायला सांगतात आणि नंबर लागतो दुपारी. आम्ही आता फोन करून सकाळचा पहिला नंबर मागतो, सिरॉसिस आहे म्हणून सांगतो. बहुतेक वेळा देतात. पिशवीत फुटाणे आणि दुधाचा थर्मास असतो, बाहेर आल्या आल्या द्यायला.