उद्याचा बालकवी

जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीच्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत पुण्याचा मानस धामणे अमेरिकेच्या मायकेल मोकडून २-६, ४-६ असा हरला. त्याचे वय होते अवघे पंधरा. यावलला बसून ती बातमी वाचताना आमच्या मनात पहिला प्रश्न आला, 'हा मुलगा महान होईल का?' आणि लगेच त्या प्रश्नाचीच धास्ती वाटली.

धास्तीला कारण होते. आमच्या वर्गातील एका मुलाच्या कविता वाचून आम्ही त्याला सर्वांदेखत 'उद्याचा बालकवी' म्हटले होते. त्यानंतर त्याची वही आमच्याकडे आली नाही. पुढे त्याने लिहिणेच सोडले. प्रत्येक ओळ त्या नावाला शोभेल का, हे तो आधी तोलू लागला होता.

खुद्द त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' हे नाव मिळाले ते आमच्याच जळगावात, १९०७ च्या कविसंमेलनात. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात ते गेले. त्यांचे मोठेपण ठरले ते बिरुदाने नव्हे, मधल्या अकरा वर्षांतील कवितेने.

टेनिसमध्येही असेच दिसते. १९९८ चा विम्बल्डनचा कुमार विजेता फेडरर महान झाला. २००४ मध्ये कुमारांची तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवणारा गाएल मोंफिस मात्र प्रौढांच्या एकेरीत एकाही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचला नाही. आपला युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात कुमार विजेता झाला. दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली आणि एकेरीत तो ८३ व्या क्रमांकापुढे जाऊ शकला नाही. कुमार गटात समवयस्कांशी गाठ असते. पुढे पोक्त खेळाडू, अखंड प्रवास, खर्च आणि स्वतःचे शरीर यांच्याशी. मानस इटलीत रिकार्डो पिआत्ती यांच्या अकादमीत शिकला. यानिक सिनरही तिथेच घडला. पण त्यावरून मानसचे भाकीत करता येत नाही.

आमच्याकडचा शेतकरी केळ निसवली म्हणून घडाचे पैसे मोजत नाही. कापणीआधी उन्हाळी वादळाने उभी बाग आडवी झालेली त्याने पाहिलेली असते. तो झाडाला टेकू देतो आणि वाट पाहतो.

त्या मुलालाही आम्ही एवढेच म्हणायला हवे होते, "पुढची कविता झाली की दाखव."