कोळसा नसलेल्या गावाचे ऋण

परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात सर्वपरिचित असून त्याचे रेल्वेस्थानकही ‘पोखर्णी नृसिंह’ याच नावाने ओळखले जाते. या गावाला कोळशाच्या खाणीचा इतिहास नाही, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टावर, म्हणजे ज्याची झीज होऊन येथील काळी कसदार जमीन तयार झाली त्या कातळावर, ते वसलेले आहे. महाराष्ट्रातील दगडी कोळसा त्याहून कितीतरी जुन्या गोंडवनी खडकांत असून तो मुख्यतः वर्धा खोऱ्यात आणि नागपूरच्या परिसरात काढला जातो.

तरीही कोळशाशी या परिसराचे नाते आहे. याच मार्गावर पुढे परळी येथे १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्र, म्हणजे कोळसा जाळून पाण्याची वाफ करणारे आणि त्या वाफेच्या जोरावर जनित्र फिरवणारे केंद्र, सुरू झाले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले, तेव्हा विजेला पाणी किती लागते हे मराठवाड्याने प्रत्यक्ष पाहिले. कोळशाची किंमत मात्र दूरची गावे मोजत असल्याने ती येथे कधी जाणवलीच नाही.

ती किंमत चंद्रपूर जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. वरोरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी खाण सुरू झाली, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि १९०६ मध्ये खाण बंदही झाली. लोहमार्ग उरला, पण ज्यांनी जमिनीखाली उतरून कोळसा खणला त्यांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोहोचली नाहीत. पुढे भूमिगत खाणींच्या जोडीला खुल्या खाणी आल्या. वरची माती आणि खडक काढून कोळसा उघडा करण्याच्या या पद्धतीत शेतच नाहीसे होते. जमिनीच्या मोबदल्यात मिळालेली नोकरी एका पिढीपुरती टिकते, जमीन मात्र अनेक पिढ्यांना पुरणारी असते, आणि हा व्यवहार बरोबरीचा मानता येत नाही.

खाणकामगारांची जुनी पिढी हयात आहे तोवर त्यांच्या आठवणी मराठीत नोंदवल्या गेल्या पाहिजेत, आणि ज्या मराठवाड्याने या कोळशावरची वीज वापरली त्याच्या विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी या कामातला आपला वाटा उचलावा.