भीमाशंकरच्या रानात, वाटाड्याच्या मागे

भीमाशंकरचे नाव काढले की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. "ते तर देवस्थान. तिथे आपले काय काम?" काम आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मंदिर तिथे आहे, भाविकांची गर्दी असते आणि ती असणारच. पण मंदिराच्या चारी बाजूंनी सुमारे 130 चौरस किलोमीटरचे रान पसरले आहे. 1985 साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमा त्यात मिळतात. पंढरपुरात जिला चंद्रभागा म्हणतात ती भीमा इथेच उगम पावते. अल्लाहने इतके दिले आहे आणि आपण सुट्टी निघाली की महाबळेश्वरच्या रांगेत उभे राहतो.

आम्ही मंचरचे. आमच्यासाठी घोडेगाव, डिंभे, तळेघर हा रस्ता घरचाच. डिंभ्याला घोड नदीवर धरण आहे. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर 1930 साली मुंबईत जीव देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर चढतो, भाताची खाचरे लागतात, आणि जुलैत एका वळणावर धुके असे येते की पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही.

या धुक्यासाठीच सांगते: भीमाशंकरच्या रानात फिरायचे असेल तर गावातला माणूस सोबत घ्या. मोबाईलच्या नकाशावर विसंबू नका. रेंज जाते हे एक, आणि नकाशाला कालचा पाऊस माहीत नसतो हे दुसरे.

मागच्या जुलैत आमच्यासोबत यांचे पुण्याचे मित्र आणि त्यांचे कुटुंब होते. मुलांसह नऊ जण. तळेघरच्या पुढच्या एका वाडीतला महादेव कोळी समाजाचा वाटाड्या ओळखीतून ठरवला. पन्नाशीचा माणूस. मुलांनी पहिल्या पाच मिनिटांतच त्यांना मामा केले. पैशांचा विषय निघाला तेव्हा मामांचा हिशेब सरळ होता. "लावणी चालू हाय. मी तुमच्यासंगं आलो तर खाचरात दोन गडी लावायला लागतील. त्यांची मजुरी द्या, वर तुमच्या मनाला येईल ते."

दोन गड्यांची मजुरी आम्ही लगेच मान्य केली. "मनाला येईल ते" मात्र नको म्हटले. शरियतमध्ये इजारा, म्हणजे मजुरीचा करार, असेल तर काम आणि मोबदला दोन्ही आधी माहीत असायला हवे. संध्याकाळी थकलेल्या गिऱ्हाइकाच्या मनाला काय येईल यावर कोणाचे घर चालू नये. मग आकडा ठरला, वेळ ठरली, दुपारचे जेवण मामांच्या घरी आणि त्याचे पैसे वेगळे, हेही ठरले. बोलणी पाच मिनिटांची. पण त्यानंतर दिवसभर कोणाच्याच मनात खुटखुट राहिली नाही.

हिजरतचा प्रसंग आपण मुलांना सांगतो तेव्हा गुहा, कोळ्याचे जाळे, पाठलाग हे सगळे येते. एक माणूस बहुतेक वेळा राहून जातो. अब्दुल्लाह बिन उरैकित. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबूबक्र (रजि.) यांनी मदीनेची वाट दाखवायला त्याला मजुरीवर ठरवले होते. तो मुसलमान नव्हता, कुरैशांच्याच धर्मावर होता. तरी दोन्ही उंटिणी त्याच्या ताब्यात दिल्या आणि तीन रात्रींनंतर सौरच्या गुहेपाशी यायला सांगितले. पकडून देणाऱ्याला शंभर उंटांचे इनाम लागलेले होते. गुहेचा पत्ता त्याला ठाऊक होता. ठरल्या वेळी तो आला आणि नेहमीचा रस्ता सोडून समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने त्याने काफिला नेला. सहीह बुखारीत हा प्रसंग मजुरीच्या प्रकरणात येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दीन वेगळा असलेल्या माणसाच्या हुनरवर आणि शब्दावर विश्वास ठेवून जगातला सर्वांत नाजूक सफर झाला. त्या सफरीत पुढे तो होता आणि प्रेषित (स.) त्याच्या मागे.

मागे चालणे आपल्याला जमत नाही. पैसे दिले की आपण मालक झालो असे वाटते. आमच्या मुलांनी पहिल्या अर्ध्या तासात मामांना चार वेळा मागे टाकले. मामा काही बोलले नाहीत, फक्त एका फाट्यावर बसून राहिले. मुले पुढे जाऊन, वाट संपल्यावर परत आली. मग मात्र रांग लागली.

मामांची चाल संथ. एका हिरड्याखाली त्यांनी सगळ्यांना थांबवले आणि वर बोट दाखवले. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे मोठे घरटे होते. शेकरूचे. शेकरू, म्हणजे आपली राज्यप्राणी असलेली मोठी तांबूस खार, अशी एकाहून जास्त घरटी बांधते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. पाऊस थांबला तसे एक शेकरू फांदीवरून फांदीवर झेपावत गेले. शेपटीसकट तीन फूट तरी असेल. लहानांनी ओरडायच्या आत मामांनी ओठांवर बोट ठेवले होते. एकट्याने गेलो असतो तर त्या झाडाखालून आम्ही गप्पा मारत निघून गेलो असतो.

मामी खाचराच्या बांधापर्यंत आमच्यासोबत आल्या. त्यामुळे आम्हा बायकांना मोकळेपणा मिळाला. कुठे पाय ठेवायचा, कुठे आडोसा आहे, हे पुरुषाला विचारावे लागत नाही हेच केवढे! बांधावरची कुर्डू आणि टाकळा त्यांनी खुडला, दुपारी तीच भाजी नाचणीच्या भाकरीसोबत पानात आली. हो, एक सांगायचे राहिले. आम्ही घरून मटणाचा डबा नेला नव्हता. देवस्थानाचा परिसर आहे, यात्रेकरू शेजारी बसतात. एक दिवस भाजी-भाकरीवर काढला तर आपले काही बिघडत नाही.

जेवणानंतरचा बेत शिडी घाटाचा होता. भीमाशंकरहून खाली कोकणात, कर्जत तालुक्यातल्या खांडसला उतरणाऱ्या दोन वाटा आहेत. गणेश घाट लांबचा पण सोपा. शिडी घाट जवळचा, कड्याला लागून, अवघड जागी लोखंडी शिड्या लावलेल्या. मित्रांच्या कॉलेजातल्या मुलाने त्याचे व्हिडिओ पाहिले होते आणि तो त्याच्यासाठीच आला होता. निम्म्यापर्यंत उतरून परत यायचे, एवढेच त्याचे म्हणणे.

मामा ओढ्यापाशी थांबले. सकाळी नितळ असलेले पाणी आता चहासारखे झाले होते. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. मामा म्हणाले, "वर पडतोय. आज घाट नाय."

मुलगा हट्टाला पेटला. त्याचे वडीलही म्हणाले, आपण यासाठी तर पैसे दिलेत. मामांचा आवाज चढला नाही. "घाटात न न्यायचे बी तेवढेच पैसे हायेत, साहेब."

ह्यांनी पिशवी उचलली आणि मामांच्या मागे परतीची वाट धरली. आम्ही सगळे निघालो. मुलगा शेवटी, तोंड फुगवून. तासाभरात पावसाने असा मारा केला की वाडीपर्यंत पोचताना छत्र्या उघडण्यात अर्थ उरला नव्हता. घाटात काय झाले असते ते मला माहीत नाही. काही झालेही नसते कदाचित. पण वाटाड्याला पैसे देतो ते या "नाय"साठी. "हो" म्हणणारे तर फुकट मिळतात.

त्या डोंगरात पाऊस हा गमतीचा विषय नाही. याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. मंचरमध्ये आम्ही त्या दिवशी ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकत होतो. मामांना त्याबद्दल कोणी विचारले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की आता रात्री पाऊस वाढला की वाडीतले म्हातारे झोपत नाहीत.

कोकणातल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने गेलेल्यांना माहीत आहे की वारा फिरला तर नाखवा होडी सोडत नाही, आणि त्याच्याशी कोणी हुज्जत घालत नाही. नाखवा हा फारसी नाखुदाच. जुन्या अरबी जहाजांवर नाखुदाच्या जोडीला आणखी एक माणूस असे, ताऱ्यांवरून आणि वाऱ्यावरून वाट सांगणारा. पंधराव्या शतकातले अहमद इब्न माजिद हे त्यांतले नामवंत. अशा माणसाला मुअल्लिम म्हणत. म्हणजे शिक्षक! उर्दू शिकवताना हा शब्द मी हजारदा फळ्यावर लिहिला असेल, पण त्याचा हा अर्थ मुलांना सांगताना आता मला मामा आठवतात. समुद्रावर जो मान नाखव्याला, तो डोंगरात वाटाड्याला का नसावा? जुन्नर तर इथून जवळच. तिथून काही काळ निजामशाहीचा कारभार हाकणाऱ्या मलिक अंबरने बलाढ्य मोगल फौजांना जेरीस आणले, ते या डोंगरांची वाट जाणणाऱ्या मराठा स्वारांच्या जोरावर.

जाणाऱ्यांसाठी थोडे. रबरी तळाचे बूट घ्या, चपला नकोत. बुरख्याखाली सलवार घोट्याच्या वर बांधता येईल अशी असू द्या, चिखल गुडघ्यापर्यंत येतो. प्लास्टिक परत आणा. जायनमाजऐवजी रेक्झिनचा तुकडा बरा, ओल वर येत नाही. जोहरच्या वेळी वाडीतल्या पडवीत जागा मिळाली, मामींनी आधीच झाडून ठेवली होती. पुण्याचे पाहुणे मुसाफिर, त्यांनी दोन रकात पढल्या. आम्ही मंचरचे, अंतर कसरला पुरत नाही, आमच्या चार. लहानग्यांना यावरून "त्यांना सूट का?" असा मोठा वाद घालायला मिळाला.

मजुरी निघायच्या आधी, मामांचे कपडे वाळायच्या आत दिली. घामाची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पावसातही ती लागू असावी. मुलाने मामांचा नंबर घेतला आणि घाटासाठी मेमध्ये येतो म्हणाला, तेव्हा पाऊस नसतो.

मामा म्हणाले, "मे मंदी नका येऊ. बाळहिरडा गोळा करायचा असतो, तवा आमचं घरदार रानात. दिवाळी झाली की या. भात निघालेलं असतं, घाट वाळलेला असतो, मीबी मोकळा असतो."

मुलाने मोबाईलमध्ये नोव्हेंबर लिहिला.