समोरचा वारा

गोष्टीच्या पहिल्याच पानांवर सात वर्षांचा रॉजर उतारावरचं कुरण चढून आईकडे निघालेला असतो. आई वर फाटकाशी उभी, हातात काही निरोपाचा कागद, आणि हा वेडा मुलगा सरळ धावत जायचं सोडून कुरणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपा तिरपा पळतोय, कारण या घटकेला तो मुलगा नाहीच, शिडाचं जहाज आहे, वारा समोरून येतोय, आणि समोरच्या वाऱ्यात जहाजाला नाकासमोर जाता येत नाही. आईही ते ओळखते. ती थांबते.

आर्थर रॅन्समची ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ ही कादंबरी १९३०ची. इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखातली सुट्टी, एक बेट, दोन होड्या, कुणी कुणाला मारत नाही असली गोड लढाई. ती वाचताना मात्र माझं मन हल्ली बेटावर ठरत नाही. ते त्या घराकडे वळतं, जिथली ही मुलं खरोखरची होती.

घर आल्तुन्यानांचं. वडील अर्नेस्ट डॉक्टर, अर्धे आर्मेनियन, अर्धे आयरिश. सीरियातल्या अलेप्पोत त्यांच्या वडिलांचं रुग्णालय होतं. आई डोरा त्या सरोवरांच्याच मुलखातल्या कॉनिस्टनच्या कॉलिंगवुडांची लेक. या कॉलिंगवुडांच्या घरात तरुण रॅन्सम जवळजवळ घरचाच होऊन वावरला होता, डोराच्या बहिणीला, बार्बराला, त्याने मागणीही घातली होती. ते जमलं नाही. पण माणूस ज्या घराचा जावई होऊ शकत नाही त्या घराच्या नातवंडांवर त्याचा जीव किती जडतो, हे कुठल्या वंशावळीत लिहितात?

१९२८च्या उन्हाळ्यात डोराची पाच मुलं सीरियातून आजोळी आली. अर्नेस्टनी दोन होड्या घेतल्या, एक ‘स्वॅलो’, दुसरी ‘मेव्हिस’, आणि कॉनिस्टनच्या त्या लांबट, डोंगरांच्या सावल्या पिऊन काळपट झालेल्या पाण्यावर मुलं शीड सांभाळायला शिकली. वारा कुठून येतो हे गालावर ओळखायला, दोर कधी आवळायचा आणि कधी सैल सोडायचा हे तळहाताला सांगायला. परतताना त्यांनी रॅन्समला लाल तुर्की चपलांचा जोड दिला. त्या चपलांच्या बदल्यात त्याने पुस्तक लिहिलं, आणि अर्पणपत्रिकेत तसं नोंदवलंही.

पुस्तकात सूझी, टिटी, रॉजर ही नावं शिरली, धाकट्या ब्रिजिटचंही. थोरली टाकी तेवढी बाहेर राहिली. तिच्या जागी जॉन नावाचा मुलगा कप्तान झाला. त्या थोरल्या मुलीला ते वाचताना काय वाटलं असेल, याचा मी उगाच विचार करत बसतो. खूप वर्षांनी, १९६९ मध्ये, टाकीने स्वतःचं पुस्तक लिहिलं. ते सरोवराचं नाही. ते अलेप्पोचं आहे.

पुढे रॅन्समने हात आखडता घेतला. गोष्ट आपल्याच बालपणातून उगवली, असं तो सांगू लागला, आणि ती अर्पणपत्रिका नव्या आवृत्तीतून गेली. त्याचंही पुरतं खोटं नसावं. तोही लहानपणी त्याच पाण्याकाठी सुट्ट्या घालवायचा. लेखक कुणाचं तरी एक ऊन उचलतो, त्यात आपली जुनी सावली मिसळतो, मग कुठलं कुणाचं हे त्यालाही निवडता येत नाही. तरी चपला घेतल्या होत्या ना? एवढं म्हणावंसं वाटतंच.

आणि रॉजर! तो मोठा झाला, युद्धात वैमानिकांना विमान चालवायला शिकवू लागला, पुढे डॉक्टर झाला. त्याला दमा होता. कुरणात जहाज होऊन पळणाऱ्या त्या पोराच्या छातीतच समोरचा वारा येऊन बसला, आत घ्यावा तर अडतो, बाहेर सोडावा तर शीळ घालतो. औषधाच्या शोधात त्याने आपलंच शरीर पुढे केलं: ज्याने धाप लागते ते गिनीपिगच्या कातडीचं सत्त्व मुद्दाम हुंगायचं, दम कोंडू द्यायचा, आणि मग नवं नवं रसायन किती तारतं ते मोजायचं. वर्षानुवर्षं. शेकडो रसायनं. अखेर पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या एका रानवनस्पतीच्या बियांपासून सुरू झालेली वाट १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेटपाशी पोचली. आपल्याकडे खाजऱ्या डोळ्यांत घालायच्या थेंबांतही ते मिळतं. बाटली हातात घेणाऱ्याला काय कल्पना, की आपण एका गोष्टीतल्या पोराचं देणं डोळ्यांत घालतोय. ते औषध ओढायला त्याने जे यंत्र केलं, त्यात विमानासारखा इवलासा पंखा होता आणि तो फिरवायला दुसरी कुठलीच शक्ती नव्हती, फक्त रोग्याचा श्वास. आपल्याच वाऱ्यावर आपली होडी.

१९८७ मध्ये तो गेला. पाचही भावंडं आता नाहीत. घराण्याला १९५०च्या दशकातच सीरिया सोडावा लागला होता, आणि पुढे टाकीने लिहिलेल्या त्या शहरावर बाँब पडले. ‘मेव्हिस’ कॉनिस्टनच्या संग्रहालयात पोचली, पण ‘अ‍ॅमेझॉन’ हे कादंबरीतलं नाव घेऊन. टिटीचं खरं नाव मेव्हिसच होतं. म्हणजे मुलीने टोपणनाव गोष्टीला दिलं, आणि गोष्टीने तिचं खरं नाव होडीवरूनही पुसलं.

त्यांची मुलं-नातवंडं आहेत. लोक त्यांना त्या उन्हाळ्याबद्दल विचारतात, ज्यात ती नव्हती. वारशात घर येतं, दागिने येतात, दमाही येतो. पण आई-वडिलांचं बालपण असं आपल्याआधी सगळ्या जगाच्या वाट्याला कुणाचं येतं? जगाने ते वाचून पाठ केलेलं, आणि घरात मात्र त्याच बापाची रात्री उशाशी बसून धाप ऐकलेली.

१९६३च्या बीबीसीच्या मालिकेत टिटीचं नाव बदललं होतं. २०१६च्या चित्रपटात ते पुन्हा वेगळंच केलं, आजच्या इंग्रजी कानांना ते चावट वाटू नये म्हणून. रॉजरच्या घरच्यांना ते बोचलं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. चित्रपटवाल्यांना ते एका पात्राचं नाव वाटलं होतं. या लोकांच्या घरात ती आत्या होती.