गीझर, थर्माकोल आणि मी

नाशिकची थंडी हा आमच्या घरात दर डिसेंबरला ठरलेला विषय. निफाडचा पारा किती उतरला याची पेपरात चौकट आली, की बाबा ती मोठ्यांदा वाचून दाखवतात आणि मग जणू पुराव्यासकट सांगतात, "बघ, मी म्हणत नव्हतो? बाथरूममध्ये वारा झोंबतो."

आमचा फ्लॅट इंदिरानगरला. वीसेक वर्षं जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. बाथरूम 4 बाय 7 फुटांचं. वरती काचेच्या तिरप्या पट्ट्यांची छोटी खिडकी, तिच्या बाजूला भिंतीवर गॅसचा गीझर, सिलिंडर बाहेर ड्राय बाल्कनीत. नाशिकमध्ये हजारो घरांत असंच आहे, त्यामुळे यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

तर झालं असं, की डिसेंबर 2023 मधल्या एका वीकेंडला मी पुण्याहून घरी गेलो आणि बाबांच्या त्या झोंबणाऱ्या वाऱ्याचा एकदाचा बंदोबस्त करायचं ठरवलं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर पडून होता. कटरने मापात कापला, खिडकीत घट्ट बसवला, कडेने सेलोटेप. दहा मिनिटांचं काम. बाबा खूश, आई खूश. "इंजिनिअर केल्याचा काहीतरी उपयोग झाला" असंही ऐकायला मिळालं. मीही स्वतःवर जाम खूश होतो.

मग आली 2024 ची भोगी. 14 जानेवारी, रविवार. सकाळपासून गच्चीगच्चीवर स्पीकर लागलेले, "गई बोला"चा आरडाओरडा, पतंगांची धमाल. मी आधी आंघोळ करून घेतली. थंडी होती म्हणून अंमळ जास्तच वेळ. मग बाबा. मग आई, आणि भोगी असल्यामुळे तिला डोक्यावरून न्हायचं होतं.

मी गॅलरीत चहा पीत पतंग बघत होतो. बाबा आतून म्हणाले, "अरे, पाणी किती वेळ चालू आहे बघ जरा." पाणी वाया गेलेलं बाबांना अजिबात खपत नाही, आणि आम्ही त्यावरून त्यांची कायम टिंगल करतो. मी म्हटलं, "येईल हो, केस धुतेय ती." दोन मिनिटांनी ते स्वतः उठले. हाक मारली. उत्तर नाही. दार वाजवलं. उत्तर नाही. आत फक्त पाण्याचा आवाज.

कडी तकलादू होती म्हणून बरं. दोन धक्क्यांत दार उघडलं. आई भिंतीला टेकून खाली बसलेली, मान एका बाजूला, डोळे अर्धवट. गीझर चालूच. गॅसचा वास नाही, धूर नाही, काहीच नाही. नुसती वाफ. आम्ही तिला ओढत बाहेर आणलं, चादर गुंडाळली, खिडक्या उघडल्या. पाचेक मिनिटांनी ती "काय झालं?" असं पुटपुटली आणि लगेच उलटी झाली.

आता आमची हुशारी बघा. आधी वाटलं, बीपी लो झालं असेल. मग वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही, चक्कर आली असेल. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात होताच, तो बोटाला लावला. आकडा आला 98. मी हुश्श केलं. शेजारचे काका म्हणाले, "98 आहे ना, मग काळजी नको. लिंबू-सरबत द्या."

सरबत दिलंच असतं. पण आईचं डोकं इतकं दुखायला लागलं की आम्ही हॉस्पिटलला नेलं. तिथल्या कॅज्युअल्टीत एक माझ्याच वयाची डॉक्टर होती. बाथरूममध्ये पडली एवढं ऐकल्यावर तिने बीपी, शुगर विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "गीझर गॅसचा आहे का?"

मी ऑक्सिमीटरचा आकडा सांगितला. ती म्हणाली, त्याच्यावर जाऊ नका. ते मशीन रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटलेल्यासारखंच दिसतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. त्यामुळे माणूस आतून गुदमरत असतो आणि मशीन 98 दाखवत राहतं. रक्त तपासलं. धूम्रपान न करणाऱ्या माणसात जो आकडा 2-3 टक्क्यांच्या आत असतो, तो आईचा 24 निघाला. कित्येक तास मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. संध्याकाळी आई नीट बोलायला लागली. पहिला प्रश्न, "भोगीची भाजी कुणी केली?"

डॉक्टर जाता जाता म्हणाली, थंडीत अशा केसेस येतातच. काही वेळा तर फिट आली असं समजून पेशंटला भलतीच औषधं सुरू होतात. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला गॅस गीझर सिंड्रोम असं नावही दिलंय.

त्या रात्री झोप येईना. मग मी कागद घेऊन बसलो. आपलं तेच हत्यार.

आमचा गीझर मिनिटाला 6 लिटरचा. पूर्ण ज्योतीवर तो तासाला साधारण 1 किलो एलपीजी जाळतो. 1 किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम 4 बाय 7, उंची 9 फूट. म्हणजे 252 घनफूट, सुमारे 7 घनमीटर. आम्हा तिघांच्या आंघोळी मिळून गीझर चालला सुमारे 35 मिनिटं. म्हणजे त्याला लागली 7 घनमीटर हवा. अख्ख्या बाथरूमची हवा, बरोबर तेवढीच!

मधे मधे दार उघडलं होतं, थोडी हवा आत आली असेल, हे मान्य. पण ऑक्सिजन पूर्ण संपायची वाट बघावीच लागत नाही. हवेत तो 21 टक्के असतो. त्यात दोन-चार टक्क्यांची घट झाली, की ज्योत बिघडायला लागते. गॅस पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो वासही गॅससोबत जळून जातो. आणि गीझरला धूर बाहेर न्यायची नळी नव्हतीच. त्याचा बाहेरचा रस्ता एकच, ती खिडकी. तिच्यात माझा थर्माकोल.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडलं आणि आम्हाला बोलावून दाखवलं. कॉइलच्या पट्ट्यांमध्ये काजळी गच्च बसलेली, बर्नरच्या तोंडाशी कोळिष्टक आणि धूळ. "शेवटची सर्व्हिस कधी केली होती?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सहा वर्षं झाली होती बसवून. सर्व्हिस? पाणी गरम येतंय की!

पण खरं सांगायचं तर पाणी पूर्वीसारखं गरम येतच नव्हतं. काजळीचा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. आई म्हणायची, "हल्ली गीझरला दम नाही," आणि आम्ही नॉब अजून फिरवायचो. बाबांच्या डायरीत सिलिंडर लावल्याच्या तारखा असतात. मी काढून बघितल्या. आधी जो सिलिंडर तीन महिने जायचा, तो सव्वादोन महिन्यांवर आला होता. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसायची, ती आम्हाला छान वाटायची. आणि थर्माकोल बसवल्यापासून आंघोळीनंतर आईचं डोकं जड व्हायचं, त्याला आम्ही "थंडी बाधली" म्हणत होतो. एवढ्या चार वॉर्निंग आल्या होत्या आणि प्रत्येकीला आम्ही सोयीचं एकेक कारण चिकटवून टाकलं होतं. ऑफिसमध्ये कुणी असे लॉग दुर्लक्षित केले असते, तर मी त्याला मीटिंगमध्ये सोलून काढला असता.

ताईला न्यू जर्सीला फोन केला. सगळं ऐकून ती आधी रडली, मग म्हणाली, "अरे, आमच्या ड्रायरचंही हेच." तिच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे. गरम दमट हवा एका नळीतून घराबाहेर जाते. मध्यंतरी एका चक्रात वाळणारे कपडे दोन चक्रांत वाळायला लागले. तिला वाटलं मशीन म्हातारं झालं. शेवटी माणूस बोलावला, तर त्याने नळीतून कपड्यांच्या मऊ तुसांचा बोळाच्या बोळा बाहेर काढला. तो तूस म्हणजे कापूसच, आणि आत सतत गरम हवा. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 च्या आकडेवारीप्रमाणे अमेरिकेत वर्षाला सुमारे 2,900 घरांत ड्रायरमुळे आग लागत होती, आणि सगळ्यात मोठं कारण, 34 टक्के वेळा, साफसफाई न करणं. ड्रायर गॅसवरचा असेल तर नळी तुंबल्यावर तोच कार्बन मोनॉक्साइड घरात.

म्हणजे बघा, मशीन वेगळं, देश वेगळा, पण गोष्ट तीच. गरम होणारं कुठलंही यंत्र घ्या, त्याला एक बाहेरचा रस्ता असतो. आपण पैसे मोजतो यंत्राचे, वॉरंटी बघतो यंत्राची. तो रस्ता मात्र कुणाचाच नसतो. आणि तो तुंबायला लागला की यंत्र लगेच बंद पडत नाही. ते आधी महाग होतं. पाणी कोमट येतं, कपडे ओले राहतात, सिलिंडर लवकर संपतो. ही सगळी धोक्याचीच पहिली पायरी असते, पण आपल्याला ती फक्त कटकट वाटते.

मला आजीचा बंब आठवला. पंचवटीतल्या जुन्या घरी मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, मधोमध धुराची नळी. आजी रोज सकाळी आधी राख काढायची, मगच पेटवायची. शिस्त वगैरे काही नाही. राख काढली नाही तर तो पेटायचाच नाही, आणि पेटला तरी धुराने डोळे चुरचुरायचे. बंब बिघडला की बोंब मारून सांगायचा. गीझर बिचारा शेवटपर्यंत गुपचूप चालत राहतो. आमच्या धंद्यात मोठ्याने पडणारा प्रोग्रॅम परवडतो, गपचूप चुकणारा नाही.

तर आता आम्ही काय केलं ते सांगतो. गीझर बाथरूममधून काढून ड्राय बाल्कनीत उघड्यावर नेला, आत फक्त गरम पाण्याचा नळ. बाथरूममध्ये तो नकोच, हे गीझरसोबतच्या पुस्तिकेतच लिहिलं होतं. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी निघाली. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत गीझरची सर्व्हिस, म्हणजे थंडी सुरू व्हायच्या आत कॉइल आणि बर्नर साफ. किचनच्या चिमणीची नळी त्याच दिवशी, कारण तिच्यात तेलाचा चिकट थर बसलेला असतोच, आणि बाहेरच्या टोकाला कबुतरं संसार थाटतात.

तुमच्याकडे गीझर लगेच हलवता येत नसेल तर निदान एवढं करा. आधी बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मग आंघोळ. एकामागून एक तिघांनी जाऊ नका. ज्योत पिवळी दिसली तर त्या दिवशी वापरूच नका. नुसता एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असंही नाही. बाहेर जायला रस्ता हवा तसा आत यायलाही हवा, म्हणून दाराखाली किंवा दारात जाळी ठेवा. गॅस सिलिंडरचा असो की पाइपचा, हिशोब तोच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. आणि कुणी बाथरूममध्ये पडलं, तर आधी मोकळ्या हवेत आणा, आणि हॉस्पिटलमध्ये गीझर गॅसचा आहे हे स्वतःहून सांगा. प्रत्येक वेळी तशी डॉक्टर भेटेलच असं नाही.

थर्माकोल त्याच दिवशी काढला. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. बाबा मात्र आता बाथरूममधून पाण्याचा आवाज जरा जास्त वेळ आला की दाराशी जाऊन हाक मारतात. आम्ही त्यांची टिंगल करणं सोडलंय.

वारा अजून झोंबतो. झोंबू दे.