तिसरा आकडा

एसएलव्ही-३ या रॉकेटच्या नियोजन गटात माझं काम होतं लोकांकडून वेळा गोळा करण्याचं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात मी एकेका विभागात जायची आणि प्रत्येक कामासाठी तीन आकडे विचारायची. सगळं सुरळीत झालं तर किती आठवडे, साधारणपणे किती, आणि सगळंच बिनसलं तर किती? पहिले दोन आकडे चहा येईपर्यंत मिळायचे. तिसऱ्यासाठी मात्र पुन्हा पुन्हा जावं लागायचं.

ही पद्धत म्हणजे पर्ट. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ती १९५८ च्या सुमारास तयार झाली. पूल किंवा धरण बांधणाऱ्याला मागच्या कामाचा अनुभव असतो. पाण्याखालच्या पाणबुडीतून सुटणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आधी कुणी केलेलंच नव्हतं, म्हणून तिथे एका आकड्याऐवजी तीन घेतले. मधल्याला चौपट वजन द्यायचं, कडेचे दोन त्यात मिळवायचे आणि सहाने भागायचं. ६, ८ आणि १६ आठवडे असतील, तर उत्तर येतं ९. सगळे जण तोंडाने ८ सांगतात आणि कागद ९ म्हणतो. तो वाढलेला आठवडा तिसऱ्या आकड्यातून येतो. आपल्याकडेही उपग्रह सोडणारं रॉकेट कुणी केलेलं नव्हतं. एसएलव्ही-३ म्हणजे चार टप्पे, सगळे घन इंधनाचे, उंची २२ मीटर, वजन १७ टन. त्यामुळे हा हिशेब आम्हाला मनापासून हवा होता.

तिसरा आकडा न देण्यामागे आळस नव्हता. वरच्या टप्प्यांची केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, काचतंतूंची होती. साच्यावर राळेत भिजवलेले तंतू गुंडाळायचे, मग भट्टीत घट्ट करायचे. त्या कामावरचे एक ज्येष्ठ मल्याळी इंजिनिअर मला म्हणाले, “मी सोळा लिहिलं तर माझ्या हाताखालच्या मुलांना वाटेल, सरांचा आपल्यावर भरवसा नाही.” मी म्हटलं, “सर, तक्त्यावर तुमचं नाव जात नाही, कामाचा क्रमांक जातो.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सोळा तर सांगितलंच, शिवाय का तेही सांगितलं. राळ घट्ट झाल्यावर आत पोकळी सापडली, तर ते केसिंग दुरुस्त करता येत नाही. नवंच गुंडाळावं लागतं, आणि साचा एकच असेल तर मागचं सगळं काम रांगेत उभं राहतं.

त्या वाक्यातून मला जे कळलं, ते नुसत्या सोळा या आकड्यातून कधीच कळलं नसतं. दुसरा साचा आधीच करून घेणं हा त्यावरचा उपाय होता, आणि तो त्या क्षणी समोर दिसत होता. तेव्हापासून मी प्रत्येक तिसऱ्या आकड्याचं कारण वहीत टिपून घेऊ लागले. एका पुरवठादाराकडून व्हॉल्व्ह उशिरा आले, तेव्हा कोणती चाचणी आधी उरकता येईल हे त्या वहीतूनच सापडलं.

या आकड्यांवरून सगळ्या कामांच्या नेटवर्कचा तक्ता ट्रेसिंग पेपरवर काढून त्याची अमोनिया प्रिंट भिंतीवर लागायची. वर्तुळ म्हणजे घटना, बाण म्हणजे काम. सगळ्यात लांब वाट ती क्रिटिकल पाथ, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मला मात्र जास्त काळजी वाटायची ती बाण एकत्र येतात त्या वर्तुळांची. चारही टप्पे जुळणीला येतात ती घटना घ्या. समजा, प्रत्येक टप्पा दिलेल्या तारखेला पोहोचण्याची शक्यता निम्मी आहे आणि टप्पे एकमेकांवर अवलंबून नाहीत. चारही त्या तारखेला तयार असण्याची शक्यता किती? निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, पुन्हा निम्मं, सोळात एक. पर्टचं गणित फक्त लांब वाट मोजतं, बाकीच्या वाटा वेळेवर येतील असं गृहीत धरतं. म्हणून कागदावरची तारीख सहसा खऱ्यापेक्षा अलीकडची असते. ही त्रुटी पद्धतीतच आहे. कुणी कमी मेहनत केल्यामुळे ती येत नाही. हे मी बैठकांमध्ये आग्रहाने मांडायची, कारण उशिराचं खापर ज्याचा टप्पा शेवटी आला त्याच्या माथ्यावर फुटताना मी पाहिलं होतं, आणि तो अन्याय होता.

हार्वे सापोल्स्की यांनी १९७२ मध्ये पोलॅरिसवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, पर्टचा खरा उपयोग काम हाकायला फारसा झालाच नाही, बाहेरच्यांचा हस्तक्षेप दूर ठेवायला झाला. तिथे तसं झालं असेल. आमच्याकडे मात्र इंधन, केसिंग, नियंत्रण, इलेक्ट्रॉनिक्सची माणसं एकमेकांच्या अडचणी त्या भिंतीसमोर उभं राहूनच पहिल्यांदा ऐकत होती.

मूळ आखणीत कक्षेत जाणारं उड्डाण १९७८ मध्ये होतं. ते झालं १० ऑगस्ट १९७९ ला. पहिला टप्पा उत्तम चालला. दुसऱ्याच्या नियंत्रण यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल एका व्हॉल्व्हमधून गळून गेलं होतं. रॉकेट भरकटलं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्प संचालक अब्दुल कलाम आणि इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी त्या दिवसांत माणसांना सांभाळून घेतलं. आमच्या खोलीत लगेच नवं नेटवर्क काढायला घेतलं. आधी एका मोठ्या बाणात दडलेल्या व्हॉल्व्हच्या तपासण्या आम्ही सुट्या केल्या आणि प्रत्येकीला स्वतःचे तीन आकडे दिले.

१८ जुलै १९८० ला सकाळी ८ वाजून ३ मिनिटांनी दुसरं उड्डाण झालं आणि ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. मे १९८१ च्या उड्डाणासाठी याद्या घेऊन मी पुन्हा विभागांत फिरू लागले. केसिंगवाल्या सरांनी माझ्या फॉर्मवर पट्टी ठेवून पेन्सिलीने चौथा रकाना आखला होता, कारणाचा. पुढच्या छपाईत मी तो रकाना कायमचा घालून घेतला.