तिकिटाएवढे कार्ड



विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, पण खालचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला ‘फुटबॉल’, गेला म्हणून पाणी वर चढत नाही, अशी वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर आलेली असेल. अशा वेळी तुम्ही विहीर बुजवत नाही. मोटारही भंगारात घालत नाही. पाइप वर ओढता, फुटबॉल बदलता आणि दिवस मावळायच्या आत पाणी सुरू करता. हा शहाणपणा आपल्याजवळ आहेच. मग घरातला लॅपटॉप अडला की तो कुठे जातो? तेव्हा मात्र दुकानदार म्हणेल ते प्रमाण. ‘नवाच घ्या’ असे त्याने म्हटले की आपण पैशांची जुळवाजुळव करू लागतो.

माझे शिक्षण बी.एस्सी. अ‍ॅग्रीचे आणि नोकरी विस्तार अधिकाऱ्याची. लॅपटॉपची दुरुस्ती हा काही माझा धंदा नव्हे. पण अलीकडे बांधावर गेलो की किडीरोगाइतकेच प्रश्न अर्जांचे निघतात. ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, डिजिटल सहीचा सातबारा काढायचा, मुलांचे परीक्षेचे अर्ज भरायचे. ज्या घरात या कामांसाठी लॅपटॉप आहे, तिथे तो बहुधा शहरातल्या पाहुण्याने वापरून दिलेला, पाच-सात वर्षांचा जुना असतो. आणि त्याची माझ्या कानावर येणारी तक्रार नेहमीची एकच: “साहेब, चालू होतो, पण वाय-फाय पकडत नाही.”

दोन वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या एका गावी कांद्याची चाळ पाहायला गेलो होतो. चहा घेता घेता घरधनी म्हणाले, “साहेब, येत्या बाजारात कालवड काढतोय. एखादं गिऱ्हाईक असलं तर सांगा.” कालवड समोरच गोठ्यात होती. संकरित, अंगाने भरलेली, सहा महिन्यांची गाभण. असे जनावर शेतकरी उगीच विकत नाही. मी कारण विचारले. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मामाने दिलेल्या लॅपटॉपवर तिचा अभ्यास चाले आणि आईच्या बचत गटाचा हिशेबही त्यावरच असे. महिन्यापूर्वी त्याचे वाय-फाय बंद पडले. दुकानात नेला, तर दुकानदाराने तो न उघडताच ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असे सांगितले. वहिनी आतून म्हणाल्या, “तीन महिन्यांत व्यायली असती. पण पोरीचं वर्ष वाया जाण्यापेक्षा बरं.”

मी म्हटले, विकायची घाई करू नका, आधी लॅपटॉप आणा.

पुढे काय केले ते सांगण्याआधी हे वाय-फाय म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. लॅपटॉपच्या पोटात टपालाच्या तिकिटाएवढे एक कार्ड असते. हे कार्ड म्हणजे छोटा बिनतारी संच. ते रेडिओसारखे नुसते ऐकत नाही, बोलतेही. पलीकडे राउटर किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट असतो, तो त्याला उत्तर देतो. आपल्या देशाला ही विद्या अगदीच परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात तारेवाचून लहरी पाठवून दाखवल्या होत्या. आजच्या वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली ठरले. तेव्हा वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ वर गेला. आमच्या लहानपणी घरात रेडिओ असला तर पोस्टात जाऊन त्याचे लायसन्स काढावे लागे. वाय-फायला तसे काही लागत नाही, कारण भारतात जानेवारी २००५ पासून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची यंत्रे परवान्यातून मोकळी झाली.

आता तपासणी. कीड दिसली की लगेच औषध मारू नका, आधी पान उलटून पाहा, असे मी तुम्हाला नेहमी सांगतो. इथेही तसेच आहे. कीबोर्डवर वरच्या ओळीत विमानाचे किंवा मनोऱ्याचे चित्र असलेले बटण असते. ते चुकून दाबले गेले तर वाय-फाय बंद होते. जुन्या लॅपटॉपला कडेला सरकवायचे बटण असते, तेही पाहावे. दुसरी गोष्ट, जुनी कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झची भाषा जाणतात. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर अशा कार्डाला त्याचे नावच दिसत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये तो २.४ वर आणावा. एवढ्यावरच कित्येक लॅपटॉप बरे झालेले मी पाहिले आहेत.

त्या घरी या दोन्ही गोष्टी ठीक होत्या. मग मी मुलीला मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायला सांगितला आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले. यात मोबाइलचे इंटरनेट तारेतून लॅपटॉपला मिळते, वाय-फाय कार्डाचे काम पडत नाही. क्षणात तिच्या कॉलेजचे पान उघडले. याचा अर्थ उघड होता. विहीर शाबूत, मोटार शाबूत, फुटबॉल गेलेला. लॅपटॉपमधल्या ‘डिव्हाइस मॅनेजर’च्या यादीत बिनतारी कार्डाचे नावही नव्हते. कार्ड तिथे दिसते, पण त्यावर पिवळी खूण असते, तेव्हा बहुधा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बिघडलेला असतो. तो याच मोबाइलच्या तारेवरून पुन्हा उतरवून घेता येतो. नावच नसेल, तर कार्ड एक तर सैल झालेले असते, नाही तर मेलेले.

लॅपटॉप उघडायचे ठरले तेव्हा वडील मुलीच्या धाकट्या भावाला हाक मारू लागले. मी म्हटले, त्याला कशाला? वापरते ती, तर उघडेलही तीच. आणि तिनेच उघडला.

तुम्हाला उघडायचा झाला तर क्रम असा ठेवा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर हात लावू नका. नसेल तर तो पूर्ण बंद करा, नुसता झोपवू नका. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढून ठेवा, आत असेल तर उघडल्याबरोबर तिचा जोड सोडवा. हात कोरडे असावेत आणि आत हात घालण्याआधी रंग न लावलेल्या मोठ्या लोखंडी वस्तूला एकदा स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्क्रू लहान-मोठे असतात. ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी जावा म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून त्यावर ते तसेच मांडत जावे. झाकण पटाशीने उचकटू नये. जुने प्लास्टिकचे एटीएम कार्ड कडेने फिरवले की ते सुटते.

आत कार्ड ओळखायला सोपे. त्याला दोन बारीक तारा जोडलेल्या असतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी. या तारा बिजागरीतून वर पडद्याच्या चौकटीपर्यंत गेलेल्या असतात. त्याच अँटेना. पूर्वी आपण टीव्हीचा अँटेना पत्र्यावर चढवत असू, तसाच हा विचार. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा, म्हणजे कोणती तार कुठे होती याचा घोळ होत नाही. तारांचे टोक नखाने सरळ वर उचलावे, तार धरून ओढू नये. एक स्क्रू काढला की कार्ड तिरके उभे राहते, ते अलगद बाहेर घ्यावे. मुलीने कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले आणि परत बसवले. अनेकदा एवढ्यानेच काम होते. तिथे झाले नाही, म्हणजे कार्ड बदलणे आले.

नवे घेताना जुने कार्ड सोबत न्या आणि त्यावरची अक्षरे वाचून घ्या. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘एम.२’ जातीचे ‘२२३०’ मापाचे कार्ड असते. २२३० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. त्याआधीच्या लॅपटॉपमधली ‘मिनी पीसीआय एक्स्प्रेस’ कार्डे वेगळ्या मापाची, ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बियाण्याच्या पिशवीवरचा वाण आपण नीट वाचतो, तसेच इथेही वाचावे. इंटेलचे ‘एएक्स २००’ आणि ‘एएक्स २०१’ दिसायला सारखे. पण पहिले स्वतःच्या पायावर उभे राहणारे, तर दुसऱ्याचे अर्धे काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्ये होते. तो प्रोसेसर नसेल तर दुसरे कार्ड नुसते बसून राहते. शिवाय काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप ठरवून दिलेल्या यादीबाहेरचे कार्ड स्वीकारत नाहीत. म्हणून दुकानात ‘चालले नाही तर परत घ्याल ना?’ हे आधी विचारून ठेवा.

त्या मुलीचे कार्ड नाशिकहून मागवले, ते सातशे रुपयांच्या आत पडले. तिने ते तिरके खाचेत घातले, खाली दाबले, स्क्रू आवळला आणि तारांची टोके बोटाने सरळ दाबली. बारीकसा ‘टक्’ आवाज आला की तार बसली असे समजावे. लॅपटॉप सुरू झाल्यावर कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली आणि शेजारच्या तीन घरांची नावेही आली. कालवड बाजाराला गेली नाही. पुढे ती वेळेवर व्याली आणि त्या घरी दूध सुरू झाले.

उघडण्याची हिंमत होत नसेल, तर पेन-ड्राइव्हसारखे बाहेरून लावायचे यूएसबी वाय-फाय मिळते. वेग आतल्या कार्डापेक्षा बहुधा कमी, पण अर्ज भरायला आणि शिकवणी पाहायला पुरतो. फक्त त्याचा ड्रायव्हर सोबत मिळतो का, हे पाहून घ्या.

आता वापराविषयी. आपल्या घरांच्या भिंती दगडाच्या, नाही तर पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन फूट जाड. वर पत्रा. बिनतारी लहरींना पत्रा आणि पाणी यांचे वावडे आहे. राउटर पत्र्याच्या कपाटात किंवा पाण्याच्या टाकीमागे ठेवला की लहरी तिथेच अडतात. तो मधल्या खोलीत, डोक्याच्या उंचीवर, मोकळा ठेवावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ संथ, पण दूर जातो. खोलीत बसून काम असेल तर ५ आणि ओट्यावर बसायचे असेल तर २.४, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. विंडोजमध्ये त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. नाही तर लॅपटॉप स्वतःच्या सुधारणा गुपचूप उतरवत बसतो आणि मुलीचा तास सुरू व्हायच्या आत दिवसाचा डेटा संपतो. पाटाला फुटलेले भोक बुजवावे, तसे हे काम आहे. हॉटस्पॉटला आणि राउटरला पासवर्ड हवाच, आणि सुरक्षेच्या पर्यायात ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ निवडावे. स्टँडवरच्या फुकट वाय-फायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. आपल्या खात्याची किल्ली आपण अनोळखी ओसरीवर ठेवत नाही.

एक काम मात्र आजच करा. लॅपटॉप चांगला चालू असतानाच त्याच्या वाय-फायचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पेन-ड्राइव्हवर उतरवून ठेवा आणि कार्डाचे नाव वहीत लिहून ठेवा. पेरणीच्या आधी तिफणीचे फण तपासून ठेवतो, तसेच हे. आणि एवढे करूनही कोणी न उघडता ‘नवाच घ्या’ म्हणाले, तर गोठ्याकडे वळण्याआधी एकदा मोबाइलची केबल जोडून पाहा.